वसईचे संत गोन्सालो गार्सिया आणि दोन जहाजांची कहाणी

भिवंडीतून वाहणारी कामवारी नदी वसईच्या खाडीला मिळते आणि ती खाडी पुढे वसईच्या किल्ल्याजवळ अरबी समुद्रात विलीन होते. शिडांच्या जहाजांच्या काळात हा जलमार्ग उत्तर कोकणाचा राजरस्ताच होता. त्याच्या आतल्या बाजूस कल्याण-भिवंडी, जिथे १६५७ नंतर शिवाजी महाराजांनी जहाजबांधणी सुरू केली. आणि मुखाशी पोर्तुगिजांची वसई. याच वसईत १५५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. भारतभूमीत जन्मलेले पहिले संत म्हणून आपण त्यांना ओळखतो व दरवर्षी ६ फेब्रुवारीला त्यांचा सण साजरा करतो. मात्र त्यांच्या हौतात्म्याच्या कथेत दोन जहाजांचा अंत गुंतलेला आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज सैनिक, तर आई वसईची. येशूसंघीय धर्मगुरूंच्या छत्राखाली त्यांचे शिक्षण झाले. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते त्या धर्मगुरूंसमवेत जपानला निघाले. त्या काळी असा प्रवास म्हणजे घरच्यांचा कदाचित कायमचाच निरोप असे. मोसमी वाऱ्यांच्या भरवशावर जहाज हाकायचे. वारा चुकला तर महिनोन् महिने बंदरात खोळंबायचे, आणि वादळाने गाठले तर जहाजाचे काय झाले हे कळायलाही कित्येकदा वर्ष लागे. गोन्सालो सुखरूप पोहोचले. जपानी भाषा त्यांनी आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली.

येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. खिन्न मनाने ते व्यापाराकडे वळले. व्यापाराला बरकत आली, परंतु मन रमले नाही. अखेर फिलिपिन्समधील मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले.

येथे पहिल्या जहाजाचा संबंध येतो. जपानचा सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी याच्याकडे मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने १५९२ मध्ये डोमिनिकन धर्मगुरू हुआन कोबो यांना दूत म्हणून पाठविले होते. परतीच्या प्रवासात त्यांचे जहाज तैवानच्या किनाऱ्याजवळ नष्ट झाले आणि फादर कोबो मनिलाला परतलेच नाहीत. म्हणून १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली चार फ्रान्सिस्कनांचे दुसरे शिष्टमंडळ निघाले. त्यांना जपानी भाषा जाणणारा माणूस हवा होता. बंधू गोन्सालो तो दुभाषा झाले. एका दूताला ज्या समुद्राने गिळले होते, त्याच समुद्रावर ते पुन्हा निघाले. क्योटो येथे या बंधूंनी मठ व चर्च उभारले, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालविले.

दुसरे जहाज होते ‘सान फिलिपे’. मनिलाहून मेक्सिकोतील आकापुल्को बंदराकडे जाणारी स्पॅनिश गलबते चीनचे रेशीम नेत आणि चांदी आणत. नफ्याच्या लोभाने ती खच्चून भरली जात. जुलै १५९६ मध्ये निघालेल्या ‘सान फिलिपे’ला लागोपाठ वादळांनी झोडपले. मोडक्या अवस्थेत ते जपानच्या शिकोकू बेटाकडे ढकलले गेले आणि १९ ऑक्टोबर रोजी उरादो बंदराच्या वाळूच्या दांड्यावर रुतून फुटले. फुटलेल्या जहाजावर किनाऱ्याच्या सरदाराचा हक्क, असे तेथे मानले जाई. हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी सारा माल जप्त केला. फ्रान्सिस्कन बंधूंनी मध्यस्थीचा प्रयत्न केला, पण तो निष्फळ ठरला. जहाजाच्या सुकाणूधराने स्पेनच्या साम्राज्याची बढाई मारली आणि मिशनरी हे स्वारीचे अग्रदूत असल्याचा संशय त्यातून बळावला, असे काही वृत्तांत सांगतात. इतर वृत्तांत ते नाकारतात. एवढे निश्चित, की डिसेंबरमध्ये क्योटो व ओसाका येथे अटकसत्र सुरू झाले.

बंधू गोन्सालो ‘सान फिलिपे’वर नव्हते. त्यातील मालाशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते. तरीही त्या जहाजबुडीची किंमत त्यांच्या वाट्याला आली. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला आणि ऐन हिवाळ्यात त्यांना सुमारे महिनाभर नागासाकीकडे नेण्यात आले. वाटेत आणखी दोघे त्यांत सामील केले गेले व संख्या २६ झाली. त्यांत बारा-तेरा वर्षांची मुलेही होती. मेक्सिकोचे फिलिप हेही होते. धर्मगुरुदीक्षेसाठी मायदेशी निघालेले हे तरुण बंधू ‘सान फिलिपे’वरूनच वाचले होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सर्वांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले.

त्या २६ जणांत पॉल मिकी व त्यांचे दोन सोबती असे तीन येशूसंघीय होते. ज्या संघाचे दार गोन्सालो यांच्यासाठी उघडले नव्हते, त्या संघाच्या सदस्यांसमवेत त्यांनी एकाच टेकडीवर प्राण अर्पिले. जपानमध्ये या दोन संघांत मतभेद होते, हे इतिहास लपवीत नाही. क्रुसाजवळ मात्र ते भेद उरले नाहीत. १६२७ मध्ये या हुतात्म्यांना धन्य घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

आजही आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधव होड्यांना आशीर्वाद घेऊन समुद्रात जातात, आणि वादळी रात्री घरची माणसे दाराशी जागत बसतात. कुणाची उमेद बुडते, कुणाचा धंदा, तर कुणाचे माणूसच परत येत नाही. गोन्सालो यांनी नकार पचवला, व्यापार सोडला आणि परक्याच्या नुकसानीपायी प्राणही दिले. पण सेवा सोडली नाही. त्यांच्या सणाच्या दिवशी मिस्सात सहभागी होताना समुद्रावर अंतरलेल्यांसाठी, आणि त्यांची वाट पाहणाऱ्या कुटुंबांसाठी, आपण त्यांच्या मध्यस्थीने प्रार्थना करू या.