पांढरीतील स्थाने आणि पंडित म्हाइंभट

गंगातिरी अथवा वऱ्हाडात स्थानवंदनास निघालेल्या भिक्षूस काही स्थाने नांदत्या गावात भेटतात, तर काही उघड्या शेतात. चहूकडे काळी जमीन, ज्वारी-कपाशीची पिके आणि मध्येच उंचावलेले पांढऱ्या मातीचे टेकाड. पावसाने ते धुपले की खापऱ्या उघड्या पडतात. कोठे देवळाच्या जोत्याचे घडीव दगड बांधावर रचलेले असतात, कोठे बुजलेली विहीर, कोठे वस्तीवाचून एकटा उभा मारुती. महसुली दप्तर अशा गावास बेचिराग म्हणते. ज्यात दिवा लागत नाही असे गाव. तथापि जेथे परमेश्वराचे चरण लागले, तेथे स्थानाचा ओटा असतो आणि वासनिक त्यास दंडवत घालतो. गाव सांगणारा कोणी उरला नसता हे स्थान कळले कसे? याचे उत्तर पंडित म्हाइंभटांच्या चरित्रात आहे.

म्हाइंभट मूळचे सराळ्याचे. गणपत आपयो हे त्यांचे विद्यागुरू. शास्त्राभ्यास मोठा, तसाच अभिमानही मोठा. प्रतिवाद्यास तृणवत् लेखून पायी तृण बांधावे व दिवसा दिवटी लावून हिंडावे, असा त्यांचा थाट पंथात स्मरला जातो. डोमेग्रामी ते सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींशी वाद करावयास गेले आणि निरुत्तर होऊन परतले. त्या पराभवातच त्यांचा उद्धार झाला. विद्या तीच राहिली, तिचा धनी मात्र बदलला.

स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर आचार्य श्रीनागदेव, म्हणजे भटोबास, ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले. भटोबास एकांती लीळांचे स्मरण करीत. हे ऐकणारे आपण गेलो की लीळाही जातील, ही चिंता म्हाइंभटांना लागली. त्यांनी भटोबासांना प्रश्न केले, उत्तरे लिहून घेतली. आणि ज्या लीळेत जे भक्त होते, त्यांच्या गावी पायी जाऊन ती त्यांच्याकडून शोधून घेतली. शके 1200 च्या सुमारास ऋद्धिपुरी वाजेश्वरी येथे लीळाचरित्र सिद्ध झाले. एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध अशी त्याची विभागणी आहे. श्रीगोविंदप्रभूंचे चरित्रही त्यांनीच लिहिले. केशिराजबासांनी पुढे लीळाचरित्रातूनच स्वामींची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला.

म्हाइंभटांची दृष्टी येथे ध्यानी घ्यावी. त्यांनी लीळा स्थानापासून तोडली नाही. गाव कोणते, देऊळ कोणते, तेथे अवस्थान झाले की एका रात्रीची वसती की केवळ आसन, हे त्यांनी टिपले. खिलजींच्या स्वाऱ्यांनंतरच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांनी त्या पुन्हा लिहिल्या आणि पाठभेदही राखले. पुढे स्थानपोथीने देवळाचे मुख व दिशा नोंदविल्या. दुष्काळ आले, स्वाऱ्या आल्या, गावे उठली. परंतु लेखात दिशा होती म्हणून शेतातले स्थान सापडले.

आचारात स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक ही चार स्मरणाची साधने सांगितली आहेत. स्थान वंदनीय आहे ते दगडामुळे नव्हे, तेथील संबंधामुळे. आणि तो संबंध सत्य असेल तरच वंदन सार्थ. पांढरीची माती आजही गाड्या भरून शेतात पसरली जाते, बांध सरकतात, ओटा सोयीच्या जागी नव्याने बांधावा असाही मोह होतो. असे झाले तर आपण रिकाम्या भूमीस दंडवत घालू, आणि म्हाइंभटांचे श्रम आपल्याच हातून वाया जातील.

म्हणून स्थानवंदनास जाताना पोथी बरोबर असावी. दिशा ताडून पहावी, वृद्ध शेतकऱ्यास विचारावे, भेद आढळल्यास तो लपवू नये, लिहून ठेवावा. स्वामींनी भिक्षूस अपरिचित देशी, झाडातळी राहावयास सांगितले. त्या आज्ञेने चालणाऱ्यास उजाड पांढरी परकी नाही. जेथे गावाचा दिवा विझला, तेथे स्मरणाचा दिवा म्हाइंभटांनी लावून ठेवला आहे. तो विझू न देणे एवढेच आपल्याकडे आहे.