रॉबर्ट फ्लॉइड: रांग तळापासून रचणारा संगणकशास्त्रज्ञ

मुळशी तालुक्यातील हिंजवडीच्या आयटी पार्कमधला प्रोग्रॅमर पायथनमध्ये ‘हीपिफाय’ हे फंक्शन वापरतो, तेव्हा तो १९६४ सालची एक युक्ती वापरत असतो. ती रॉबर्ट फ्लॉइड या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाची.

फ्लॉइड यांचा जन्म ८ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. चौदाव्या वर्षी शाळा संपवून ते शिकागो विद्यापीठात गेले आणि १९५३ मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी, कला शाखेचे पदवीधर झाले. पुढे संगणक चालवण्याची नोकरी करता करता ते प्रोग्रॅमिंग स्वतःच शिकले. १९५८ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राचीही पदवी घेतली. पीएच.डी. मात्र कधीच केली नाही.

प्रायॉरिटी क्यू म्हणजे अशी रांग, जिच्यात आधी आलेल्याचा नव्हे, तर सर्वांत निकडीच्या कामाचा नंबर पहिला लागतो. रुग्णालयात गंभीर रुग्णाला आधी घेतात तसा. जून १९६४ मध्ये जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी त्यासाठी ‘हीप’ ही झाडासारखी रचना मांडली. प्रत्येक पालकाखाली फार तर दोन मुले आणि पालक मुलांपेक्षा कधीही कमी निकडीचा नाही. नवा घटक तळाशी येतो आणि आपल्या जागेपर्यंत वर चढतो. पण १० लाख घटक एकदम आले तर? एकेक घालत गेल्यास, वाईटात वाईट स्थितीत, सुमारे १ कोटी ८० लाख अदलाबदली कराव्या लागतात.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फ्लॉइड यांनी कामाचा क्रम उलटा केला. सगळे घटक आधी कसेही भरायचे, मग खालून वर येत प्रत्येक पालकाला गरजेइतके खाली उतरवायचे. निम्मे घटक तळालाच असतात. त्यांना उतरायला जागाच नसते. पाव घटक फार तर एक पायरी उतरतात, त्यांच्या निम्मे फार तर दोन. लांबचा प्रवास मोजक्यांच्याच वाट्याला येतो. त्यामुळे एकूण अदलाबदली १० लाखांच्या आतच राहतात.

तयार यादीवरून रांग बनवताना सी प्लस प्लस आणि जावाच्या लायब्ररीही हीच पद्धत वापरतात. आधीच मोठ्या असलेल्या रांगेत थोडेच घटक घालायचे असतील, तर मात्र एकेक घालणेच परवडते.

फ्लॉइड १९६८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आले आणि पीएच.डी.शिवाय तिथे प्राध्यापक झाले. प्रोग्रॅम बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करण्याचा पायाही त्यांनी घातला. १९७८ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २५ सप्टेंबर २००१ रोजी त्यांचे निधन झाले.