विश्लेषण : ‘बेसिक’च्या जनकाचाच कम्पायलर घरच्या संगणकावर मागे का पडला?

ऐंशीच्या दशकात संगणक शिकलेल्या अनेकांची सुरुवात ‘बेसिक’ या भाषेने झाली. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून भारतातील शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रो संगणकांच्या चिपमध्येच ती भरलेली होती. मात्र घरोघरी पोहोचलेले तिचे रूप तिचे एक जनक जॉन केमेनी यांना पसंत नव्हते.

केमेनी कोण होते?

जन्म १९२६ चा, बुडापेस्टमधील ज्यू कुटुंबातला. हिटलरच्या सावटामुळे हे कुटुंब १९४० मध्ये न्यूयॉर्कला आले. प्रिन्स्टनमध्ये गणित शिकता शिकता केमेनी यांनी लॉस अलामोसच्या अणुबॉम्ब प्रकल्पात पंचकार्ड यंत्रांवर आकडेमोड केली. पुढे ते आइन्स्टाइन यांचे गणित साहाय्यक झाले आणि १९५३ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात रुजू झाले.

बेसिक मुळात कशी होती?

त्या काळी प्रोग्रॅम कार्डांवर टोचून द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. एखादा स्वल्पविराम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. गणिताच्या विद्यार्थ्याला हे परवडेल, पण साहित्य किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काय, असा केमेनी आणि त्यांचे सहकारी थॉमस कर्ट्झ यांचा प्रश्न होता. त्यातून बेसिक जन्मली. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास पहिला प्रोग्रॅम चालला. अनेकांना ठाऊक नसते, पण ही मूळ बेसिक कम्पायलरवर चालत होती आणि तो केमेनी यांनी लिहिला होता. कम्पायलर संपूर्ण प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत एकदाच भाषांतर करतो, मग तो चालवला जातो. इंटरप्रिटर मात्र दुभाष्यासारखा एकेक ओळ वाचत जातो. हजार वेळा फिरणारी ओळ त्याला हजारदा उलगडावी लागते.

मग बिघडले कुठे?

१९७५ मध्ये ‘अल्टेअर’ हा छोटा संगणक आला. बिल गेट्स आणि पॉल अॅलन यांनी त्यासाठी अवघ्या ४ किलोबाइट स्मृतीत मावणारी बेसिक तयार केली. एवढ्या जागेत कम्पायलर बसवणे अवघड, म्हणून इंटरप्रिटर. तडजोड रास्तच होती. पण स्मृती वाढली तरी तीच पद्धत चालू राहिली. प्रत्येक कंपनीची बेसिक वेगळी, त्यामुळे एका यंत्रावरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालेना. ओळींचे क्रमांक आणि ‘गोटू’च्या उड्या यांचा गुंता मुलांच्या अंगवळणी पडू लागला. डार्टमथची बेसिक दरम्यान कितीतरी सुधारली होती, पण ती बाहेर पोहोचलीच नव्हती.

‘ट्रू बेसिक’ का चालली नाही?

केमेनी आणि कर्ट्झ यांनी १९८५ मध्ये ती बाजारात आणली. आधी कम्पाइल, मग चालवणे. ओळ क्रमांकांची सक्ती नाही. आयबीएम पीसी असो वा मॅकिन्टॉश, प्रोग्रॅम तोच. भाषा म्हणून ती निःसंशय सरस होती. पण संगणकासोबत फुकट मिळणारी बेसिक सोडून वेगळी विकत कोण घेणार? ज्याला वेग हवा होता, त्याच्यासाठी बोरलँडचे ‘टर्बो पास्कल’ १९८३ पासूनच ४९.९५ डॉलरना उपलब्ध होते. ट्रू बेसिक आली त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेही ‘क्विकबेसिक’ हा कम्पायलर आणला.

बेसिकवर पैसे कमवायचे नाहीत, असे केमेनी आणि कर्ट्झ यांनी सुरुवातीलाच ठरवले होते. मूळ कम्पायलर मोफत दिला गेला, म्हणूनच भाषा पसरली आणि ज्याला हवी तशी बदलताही आली. १९९१ मध्ये ‘डॉस’च्या पाचव्या आवृत्तीसोबत आणखी एक मोफत इंटरप्रिटर आला, ‘क्यूबेसिक’. पुढच्याच वर्षी, २६ डिसेंबर १९९२ रोजी, ६६ व्या वर्षी केमेनी यांचे निधन झाले.