पडत्या काळची माउली : राजमाता जिजाबाई

सिंदखेडचे जाधव हे आपला कुलसंबंध देवगिरीच्या यादवांशी सांगत. त्या कुळातील लखुजी जाधवराव निजामशाहीतील मातबर सरदार होते. इ. स. १५९८ च्या सुमारास त्यांच्या पोटी जिजाबाईंचा जन्म झाला, आणि वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे पुत्र शहाजीराजे यांच्याशी त्यांचा विवाह लहान वयातच लागला. दोन्ही घराणी तोलामोलाची होती, परंतु सोयरिकीचा गोडवा टिकला नाही. दरबारातील एका दंग्यात दोन्हीकडची माणसे पडली, आणि माहेर व सासर यांच्या वैराचे दुःख जिजाबाईंच्या वाट्यास आले.

इ. स. १६२९ च्या जुलैत देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारी लखुजींची त्यांच्या पुत्रांसह हत्या झाली. त्या सुमारास जिजाबाई गरोदर होत्या. शहाजीराजे मोहिमांच्या धामधुमीत गुंतलेले होते. जिजाबाईंस जुन्नरजवळील शिवनेरी गडावर ठेवण्यात आले, आणि तेथे १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजीराजांचा जन्म झाला.

ज्या वर्षी हे बालक जन्मास आले, त्याच वर्षी पर्जन्याने दगा दिला. १६३० ते १६३२ या काळात गुजरात व दख्खन या प्रांतांत घोर दुष्काळ पडला. शेते ओस पडली, गुरे मेली, आणि सैन्यांच्या येण्याजाण्याने उरलेसुरले धान्यही गेले. आईबापांनी भाकरीसाठी पोटची पोरे विकावयास काढल्याच्या हकिकती त्या काळच्या नोंदींत आढळतात. देहू गावी तुकोबारायांची पहिली पत्नी व पुत्र याच दुष्काळात गेले. त्यातच आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे जाळून बेचिराख केले. सरदाराच्या पत्नीस गडावर अन्नाची ददात नसेल. पण पिता गेलेला, पती दूर आणि मुलुख उजाड, अशा स्थितीत तान्ह्या मुलास वाढविणे हे सामान्य मनाचे काम नव्हे.

१६३६ साली निजामशाही बुडाली. शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत शिरले आणि पुढे कर्नाटकात गेले. थोरले पुत्र संभाजीराजे पित्याजवळ राहिले. धाकटे शिवाजीराजे मातोश्रींच्या पदराखाली पुणे जहागिरीत आले. तेथील कारभार दादोजी कोंडदेव पाहत. पळून गेलेल्या रयतेस कौल देऊन परत बोलाविण्यात आले, नव्याने लागवडीस आणलेल्या जमिनीवर आरंभी हलका सारा घेण्यात आला, आणि माजलेल्या लांडग्यांना मारणारास बक्षीस देण्यात आले, असे परंपरा सांगते. कसब्यात गणपतीचे देवालय उभे राहिले. कज्जेतंट्यांच्या निवाड्यांत मातोश्री स्वतः लक्ष घालीत. आपल्या एका मुलास वाढवावयाचे, तर त्याच्या भोवतीचे गावही वसले पाहिजे, हे त्यांनी जाणले होते. रयत कशी उठते आणि कशी बसते, हे शिवाजीराजांनी बाळपणी पाहिले ते याच उजाड पुण्यात.

पुढेही दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही. थोरले संभाजीराजे कनकगिरीच्या वेढ्यात पडले. ५ सप्टेंबर १६५९ रोजी सून सईबाई निवर्तल्या. नातू संभाजी तेव्हा अवघा दोन वर्षांचा होता, आणि अफजलखान स्वराज्यावर चालून आलेला होता. एकीकडे पोरक्या नातवास पोटाशी धरावयाचे व दुसरीकडे पुत्रास खानाच्या भेटीस निरोप द्यावयाचा, असा तो प्रसंग होता. १० नोव्हेंबर रोजी खान मारला गेला. नातवाचे पालनपोषण मात्र आजीनेच पुढे चालविले.

२३ जानेवारी १६६४ रोजी शहाजीराजे कर्नाटकात होदिगेरे येथे घोड्यावरून पडून मृत्यू पावले. जिजाबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. पुत्राच्या विनवणीने तो त्यांनी सोडला. जीव देण्यापेक्षा लेकरासाठी जीव राखणे त्यांस अधिक कठीण गेले असेल, तरी त्यांनी तेच स्वीकारले. दोनच वर्षांनी, १६६६ साली, पुत्र व नऊ वर्षांचा नातू दोघेही आग्र्यास कैदेत पडले. त्या महिन्यांत राज्याचा भार वृद्ध मातोश्रींच्या शिरावर होता. राजे परतले, तेव्हा राज्य जागच्या जागी होते.

६ जून १६७४ रोजी रायगडावर पुत्राचा राज्याभिषेक त्यांनी डोळ्यांनी पाहिला, आणि अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, गडाच्या पायथ्याशी पाचाड येथे देह ठेवला. त्यांची समाधी तेथेच आहे.

संकटकाळी मुलास अन्न देणे हा मातापित्यांचा पहिला धर्म होय. परंतु संकटाची भीती त्याच्या मनात न उतरू देणे हा त्याहून थोर धर्म आहे. जिजाबाईंनी दोन्ही पाळले. ज्या घरी आज विपत्ती आली असेल, त्या घरच्या आईबापांनी पाचाडच्या त्या समाधीचे स्मरण करावे, आणि लेकराच्या मस्तकावरील आपला हात ढळू देऊ नये.