वेल्सचा जेराल्ड : कुळ, भूमी आणि लेखणी

१. प्रास्ताविक

जिंकलेल्या प्रदेशाचा इतिहास बहुधा जेत्यांच्या बाजूने लिहिला जातो, हे विधान आपल्या परिचयाचे आहे. परंतु जेता आणि जित या दोघांचे रक्त लेखकाच्या एकाच देहात वाहत असेल, तर त्याची लेखणी कोणाची बाजू घेईल? बाराव्या शतकातील लॅटिन ग्रंथकार वेल्सचा जेराल्ड याच्या चरित्राच्या आधारे या घटकात आपण या प्रश्नाचा विचार करणार आहोत. अभ्यासक त्याला गिराल्डस कँब्रेन्सिस या लॅटिन नावानेही ओळखतात. नॉर्मन सरदारांनी आयर्लंडमधील भूमी कशी मिळवली, हे जाणून घेण्याच्या प्रमुख साधनांत त्याचे ग्रंथ मोडतात. ते वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते : हा लेखक त्या सरदारांचा भाचा होता.

२. जन्म आणि कुळ

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील नॉर्मंडीच्या नॉर्मनांनी इ. स. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर शेजारच्या वेल्समध्ये किल्ले बांधून ते पुढे सरकू लागले. अशाच एका किल्ल्यात, वेल्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील मॅनॉरबियर येथे, इ. स. ११४६ च्या सुमारास जेराल्डचा जन्म झाला. त्याचे वडील विल्यम द बॅरी हे नॉर्मन सरदार होते. आईचे वडील, विंडसरचा जेराल्ड, हे पेम्ब्रोक किल्ल्याचे किल्लेदार. आईची आई नेस्ट मात्र वेल्श राजकन्या होती. तिचे वडील, दक्षिण वेल्सचे राजे रीस अप ट्यूडर, इ. स. १०९३ मध्ये नॉर्मनांशी लढताना मारले गेले होते. ज्यांनी पित्याचा वध केला, त्यांच्यापैकीच एकाशी कन्येचा विवाह झाला आणि त्या विवाहातून जेराल्डचे मातृकुळ उभे राहिले.

या कुळाची नावे भाषेच्या दृष्टीनेही पाहण्यासारखी आहेत. नेस्टला विंडसरच्या जेराल्डपासून झालेला मॉरिस हा फिट्झजेराल्ड, तर कार्डिगनचा किल्लेदार स्टीफन याच्यापासून झालेला रॉबर्ट हा फिट्झस्टीफन. फिट्झ हा नॉर्मन फ्रेंच शब्द लॅटिनमधील पुत्रवाचक शब्दापासून आला आहे. आयरिश नावांतील मॅक आणि वेल्श नावांतील अप यांचा अर्थही पुत्र असाच आहे. रणांगणावर एकमेकांसमोर उभी राहिलेली ही तिन्ही कुळे आपापल्या भाषेत स्वतःची ओळख एकाच रीतीने सांगत होती.

३. आयर्लंडमधील भूमी

आयर्लंडमध्ये त्या काळी अनेक राज्ये होती. त्यांपैकी लेन्स्टर या राज्याचा राजा डर्मट मॅकमरो याला इ. स. ११६६ मध्ये प्रतिस्पर्ध्यांनी पदच्युत केले. तो इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्याकडे गेला आणि त्याच्या राज्यातून सैनिक जमवण्याची परवानगी त्याने मिळवली. वेल्समधील नॉर्मन सरदारांपैकी अनेकांना नव्या भूमीची गरज होती. त्यांतील रिचर्ड द क्लेअर, म्हणजेच स्ट्राँगबो, याला डर्मटने आपली कन्या आईफा आणि आपल्या पश्चात लेन्स्टरचे राज्य देऊ केले.

इ. स. ११६९ च्या मे महिन्यात पहिली तुकडी बॅनो उपसागराच्या किनाऱ्यावर उतरली. तिचे नेतृत्व जेराल्डचे मामा रॉबर्ट फिट्झस्टीफन यांच्याकडे होते आणि तुकडीत जेराल्डचा सख्खा भाऊ रॉबर्टही होता. वेक्सफर्ड पडले. दुसरे मामा, मॉरिस फिट्झजेराल्ड, लवकरच येऊन मिळाले. इ. स. ११७० मध्ये स्ट्राँगबोने वॉटरफर्ड घेतले, आईफाशी विवाह केला आणि पुढे डब्लिनही हस्तगत केले. आपलेच सरदार समुद्रापलीकडे स्वतंत्र राजे होऊन बसतील, ही शंका हेन्रीला स्वस्थ बसू देईना. इ. स. ११७१ मध्ये तो स्वतः सैन्यासह आला आणि त्याने सर्वांकडून आपले स्वामित्व मान्य करून घेतले. पुढे इ. स. ११७७ मध्ये त्याने कॉर्कचे राज्य फिट्झस्टीफन आणि माइल्स द कोगन यांना देऊन टाकले. ते राज्य त्या वेळी मॅकार्थी कुळाच्या ताब्यात होते, म्हणजे जे हाती आले नव्हते त्याचेच हे दान होते.

४. आयर्लंडविषयीचे ग्रंथ

जेराल्ड तलवारीऐवजी धर्मसेवेकडे वळला. पॅरिस येथे त्याचे उच्च शिक्षण झाले आणि तो वेल्समधील ब्रेकन येथे आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ धर्माधिकारी झाला. इ. स. ११८३ मध्ये तो भाऊ फिलिप याच्यासोबत कॉर्ककडे गेला. फिलिपला मामांकडून तेथे जमीन मिळाली होती. इ. स. ११८५ मध्ये हेन्रीचा पुत्र जॉन याच्या स्वारीबरोबर तो राजसेवक म्हणून पुन्हा आयर्लंडला गेला. या अनुभवातून त्याचे दोन ग्रंथ सिद्ध झाले. पहिल्यात आयर्लंडचा भूगोल, प्राणी, चमत्कार आणि लोकजीवन यांचे वर्णन आहे, तर दुसऱ्यात स्वारीची हकिकत आहे.

पहिल्या ग्रंथातील आयरिश माणसाचे चित्र आपण काळजीपूर्वक पाहिले पाहिजे. हे लोक गुरांवर जगतात, शेतीची हेळसांड करतात, नगरे व व्यापार यांत त्यांना रस नाही आणि धर्माचरणात ते शिथिल आहेत, असे जेराल्ड मांडतो. त्यांच्या वीणावादनाची मात्र तो मनापासून प्रशंसा करतो. हे वर्णन वरवर निरीक्षणासारखे वाटते. परंतु जे भूमी कसत नाहीत त्यांचा तिच्यावर अधिकार कसला, असा निष्कर्ष त्यातून सहज काढता येतो. जमीन मामांनी घेतली होती. ती घेणे योग्य कसे, याचे समर्थन भाच्याने पुरवले.

तरीही जेराल्डला निव्वळ स्तुतिपाठक म्हणता येणार नाही. जॉनच्या स्वारीवर तो कठोर टीका करतो. भेटीस आलेल्या आयरिश प्रमुखांच्या दाढ्या जॉनच्या तरुण सोबत्यांनी ओढल्या आणि नॉर्मनांशी एकनिष्ठ राहिलेल्या आयरिशांच्या जमिनी नव्याने आलेल्यांना वाटल्या, हे तो नोंदवून ठेवतो. या टीकेमागेही कुळाची बाजू आहे : आपल्या मामांनी रक्त सांडले आणि फळ दरबाऱ्यांनी खाल्ले, ही त्याची खंत होती. आयरिशांना आपण इंग्रज वाटतो आणि इंग्रजांना आयरिश, अशी व्यथा तो मॉरिस मामांच्या मुखी घालतो.

५. बिशपपदाचा लढा

हीच व्यथा जेराल्डच्या स्वतःच्या वाट्याला आली. वेल्समधील सेंट डेव्हिड्सचे बिशपपद ही त्याची आयुष्यभराची आकांक्षा होती. तिसरे मामा डेव्हिड हे तेथील बिशप होते. इ. स. ११७६ मध्ये त्यांच्या निधनानंतर तेथील धर्ममंडळाने जेराल्डचे नाव पुढे केले. परंतु वेल्श राजकुळाशी नाते असलेला माणूस त्या पदावर हेन्रीला नको होता. इ. स. ११९९ मध्ये त्याची पुन्हा निवड झाली. या वेळी कँटरबरीचे आर्चबिशप आड आले. सेंट डेव्हिड्सला कँटरबरीच्या अधिकारातून मुक्त करावे, ही मागणी घेऊन जेराल्ड तीन वेळा रोमला पोपकडे गेला. इ. स. १२०३ मध्ये त्याचा पराभव निश्चित झाला. आयर्लंडमध्ये देऊ केलेली बिशपपदे त्याने पूर्वीच नाकारली होती. उर्वरित आयुष्य लेखनात घालवून इ. स. १२२३ च्या सुमारास तो मरण पावला. ज्या मिश्र कुळाचा त्याने ग्रंथांत अभिमान मिरवला, त्याच कुळाने त्याची वाट अडवली.

६. पुढील पिढ्या

आयर्लंडमध्ये राहिलेल्या नॉर्मन कुळांचे पुढे काय झाले? फिट्झजेराल्ड आणि बॅरी ही घराणी तेथे रुजली. आयरिश घराण्यांशी सोयरिकी झाल्या आणि घरातील भाषा बदलत गेली. इ. स. १३६६ मध्ये किल्केनी येथे कायदे करून आयर्लंडमधील इंग्रज प्रजेला आयरिश भाषा वापरण्यास आणि आयरिशांशी विवाह करण्यास बंदी घालावी लागली, यावरून हा बदल किती खोल गेला होता ते कळते. मॉरिस फिट्झजेराल्ड यांचे वंशज आणि डेस्मंडचे तिसरे अर्ल जेराल्ड इ. स. १३६७ मध्ये राजाचे आयर्लंडमधील मुख्य प्रतिनिधी झाले. हेच जेराल्ड आयरिश भाषेतील कवी म्हणूनही प्रसिद्ध आहेत.

सतराव्या शतकात जेफ्री कीटिंग या धर्मगुरूने आयरिश भाषेत आयर्लंडचा इतिहास लिहिला आणि त्याच्या प्रस्तावनेत वेल्सच्या जेराल्डचे आरोप खोडून काढले. कीटिंगचे कुळही नॉर्मनच होते. जेराल्डने ज्या लोकांना हीन ठरवले, त्यांच्या बाजूने, त्यांच्याच भाषेत, नॉर्मनांचा एक वंशज उभा राहिला.

७. समारोप

जेराल्ड आणि कीटिंग यांचे मूळ एक, पण लेखणीच्या दिशा भिन्न. म्हणून लेखकाचे कुळ शोधून आपले काम संपत नाही. त्याचे हितसंबंध कोठे गुंतले होते, तो कोणत्या भाषेत आणि कोणासाठी लिहीत होता, हेही विचारावे लागते. जेराल्डने लॅटिनमध्ये, राजदरबारातील व धर्मपीठातील विद्वानांसाठी लिहिले. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांपैकी बहुतेकांना ते वाचता येणार नव्हते आणि त्याला उत्तरही देता येणार नव्हते. ते उत्तर आयरिश भाषेत यायला साडेचार शतके लागली. आपण बखरी किंवा प्रवासवर्णने अभ्यासाल, तेव्हा हेच प्रश्न त्यांनाही विचारून पाहा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. जेराल्डच्या आयर्लंडविषयक लेखनात त्याच्या कुळाचे हितसंबंध कसे दिसतात, ते सोदाहरण स्पष्ट करा.
२. जेराल्डची लॅटिन आणि कीटिंगची आयरिश या भाषानिवडींमागील वाचकवर्गाचा विचार करून दोन्ही लेखकांची तुलना करा.