कै. रेव्हरंड बाबा पदमनजी

सातपूर हें पूर्वीं नाशिकाहून त्र्यंबकेश्वरास जाणाऱ्या वाटेवरील शेतकऱ्यांचें गांव होतें. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पुढें त्या शिवारांत कारखाने उभे राहिले. जेथें सूर्याकडे पाहून दिवस मोजीत, तेथें भोंग्यावर पाळ्या मोजूं लागले. काळाचा असा पालट घरांत शिरतो तेव्हां त्याचा भार कोणावर पडतो, हें मराठी कादंबरींत ज्यांनीं प्रथम दाखविलें, त्या बाबा पदमनजींचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें थोडक्यांत ठेवितों.

बाबांचा जन्म १८३१ सालीं बेळगांवीं कासार जातीच्या कुटुंबांत झाला. लहानपणीं ते देवपूजेंत निष्ठावान होते. पुढें बेळगांव व मुंबई येथील मिशनशाळांत शिकत असतां त्यांचें मन पालटलें. मुंबईस जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेंतहि ते होते. १८५४ सालीं त्यांनीं बेळगांवीं बाप्तिस्मा घेतला. धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क १८५० च्या कायद्यानें राखला होता खरा. परंतु आप्तांची माया राखणें कोणत्याहि कायद्याच्या हातीं नव्हतें.

ही गोष्ट ते विसरले नाहींत. १८५६ सालीं विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला, आणि १८५७ सालीं बाबांनीं ‘यमुनापर्यटन’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. तीच मराठींतील पहिली कादंबरी मानितात. तींत यमुना व तिचा पति विनायक प्रवासास निघतात, आणि गांवोगांवीं विधवांचीं दुःखें पाहतात व ऐकतात. पुढें विनायक मरण पावतो. दुसऱ्यांचें म्हणून पाहिलेलें दुःख यमुनेच्याच दारीं येतें. शेवटीं ती ख्रिस्ती होते व पुन्हां विवाह करिते. यांतील पात्रें कित्येक ठिकाणीं गोष्ट सोडून उपदेशच करितात, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि कायदा सरकारी दप्तरांत असतां घरांतली विधवा कोपऱ्यांतच बसलेली होती, हें त्यांनीं उघड केलें. छापलेलें पुस्तक मात्र तिच्या उंबरठ्याच्या आंत जाऊं शकत होतें.

पुढें बाबांनीं पुण्यास पाळकाचें काम केलें, ‘सत्यदीपिका’ पत्र चालविलें, नव्या करारावर टीका लिहिली, आणि ‘अरुणोदय’ या नांवानें आत्मचरित्र लिहिलें. त्यांचीं लहानमोठीं पुस्तकें शंभरांहून अधिक आहेत. १९०६ सालीं त्यांचा अंत झाला.

प्रिय वाचकहो, नवा कायदा किंवा नवा कारखाना आला कीं आपण त्याचा लाभ किती जणांस झाला तें विचारितों. बाबांनीं तसें न करितां घरांतील अगदीं मागें बसलेल्या व्यक्तीकडे पाहिलें. उपदेशक बंधूंनीं घरोघर भेटीस जातांना पुढें येऊन बोलणाऱ्यांचें ऐकावें. परंतु चुलीपाशीं जी मुकाट्यानें बसली आहे तिची विचारपूस केल्यावांचून उठूं नये.