समजून घ्या : महागडी चिप म्हणजेच नवा शोध? 'गेम बॉय'वाले गुनपेई योकोई कोण होते?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात गेलं, त्यांना टीव्हीला जोडायचा स्वस्तातला व्हिडीओ गेम आठवत असेल. कॅसेट चालेना की फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. त्याच्या रिमोटवर डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखं बटण असायचं. हे बटण रूढ करणारे इंजिनीअर म्हणजे निन्टेंडोचे गुनपेई योकोई.

जन्म १९४१, क्योटो. दोशिशा विद्यापीठातून पदवी घेऊन १९६५ मध्ये ते निन्टेंडोत लागले. कंपनी तेव्हा पत्ते बनवायची आणि योकोईंकडे यंत्रांची देखभाल होती. (इंजिनीअर होऊन मेन्टेनन्सला लागलेल्यांना वेगळं सांगायला नको!) फावल्या वेळात त्यांनी लांबवर पोहोचणारा घडीचा चिमटा बनवला. कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला आणि ओरडण्याऐवजी बाजारात आणायला लावला. १९६६ च्या या 'अल्ट्रा हँड'ची विक्री दहा लाखांवर गेली.

पुढची कल्पना ट्रेनमध्ये सुचली. डोंबिवली फास्टमध्ये हातपाय हलवायला जागा नसते, तरी अंगठे मोबाइलवर चालूच असतात. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक प्रवासी असाच कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला योकोईंना दिसला, असं सांगितलं जातं. कॅल्क्युलेटरचे स्क्रीन तेव्हा स्वस्त झाले होते. त्यांवरच १९८० मध्ये खिशातला 'गेम अँड वॉच' आला. १९८२ च्या 'डाँकी काँग'मध्ये ते अधिकचं बटण आलं.

त्यांचं सूत्र साधं होतं : जुनं, स्वस्त झालेलं तंत्र घ्या आणि त्याचा कुणाला न सुचलेला वापर शोधा. खरी परीक्षा १९८९ मध्ये झाली. 'अटारी लिंक्स'चा स्क्रीन रंगीत होता. पण सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत संपायचे. योकोईंच्या विभागाचा 'गेम बॉय' हिरवट, रंगहीन होता. मात्र किंमत जवळपास निम्मी आणि चार सेलवर दहा तासांहून अधिक खेळ. 'गेम बॉय कलर' धरून ११ कोटी ८० लाखांहून अधिक विकले गेले.

सूत्र फसलंही. १९९५ चा 'व्हर्च्युअल बॉय' स्वस्त लाल एलईडीवर बेतलेला होता. खेळणाऱ्यांचे डोळे दुखू लागले, विक्री दहा लाखांपर्यंतही पोहोचली नाही. इथे बचत नेमकी डोळ्यांवर आली.

१९९६ मध्ये योकोईंनी निन्टेंडो सोडून 'कोटो' कंपनी काढली. ४ ऑक्टोबर १९९७ ला किरकोळ टकरीनंतर गाडीतून उतरले असताना दुसऱ्या गाडीने त्यांना धडक दिली. वय ५६. त्यांच्या सहभागातून घडलेला 'वंडरस्वान' १९९९ मध्ये बाजारात आला. तो एकाच पेन्सिल सेलवर चालायचा.